ऐकू येणं आणि आवडणं

इंदूरच्या तुकोगंजातल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तीसेक वर्षं मी लोकांचे कान तपासले. मी कानाची डॉक्टर नाही. कानात काय बिघडलंय ते डॉक्टर बघतात. माणसाला किती ऐकू येतं ते मी मोजते, आणि जे येत नाही ते यंत्राच्या मदतीनं कसं पोचवता येईल त्याच्या मागे लागते. हे काम करणाऱ्याला ऑडिओलॉजिस्ट म्हणतात, पण तो शब्द इंदूरमध्ये कुणाच्या जिभेवर बसला नाही. मी कायम 'कान की मशीनवाली मॅडम' राहिले. माझे वडील मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. आपली मुलगी रेडिओ दुरुस्तीसारखं काहीतरी वरच्या दर्जाचं करते, असं त्यांना शेवटपर्यंत वाटायचं आणि ते कॉलनीत अभिमानानं तसंच सांगायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. फार चुकीचंही नव्हतं ते.

आमच्याकडे एक छोटी खोली असते. भिंतींना जाड फोम, जड दार, आत एक खुर्ची. दार लावलं की बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न एकदम गायब होतात. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवायच्या. ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं. काही लोक न ऐकताही बटण दाबतात, हरायला नको म्हणून. गौतमपुऱ्याचे एक काका तर दाबतच सुटले होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावाला हिंगोटाचं युद्ध होतं. फटाक्याची दारू भरून पेटवलेली फळं दोन्हीकडचे लोक एकमेकांवर फेकतात. काकांची सगळी जवानी त्यात गेली आणि कानही त्यातच गेले. मी रागावले तर म्हणाले, "मॅडमजी, कान गए तो गए, निशाना नहीं गया." मशीन बसवल्यावर त्यांची एकच फर्माईश होती. जत्रेतला ढोल चांगला ऐकू आला पाहिजे, बायकोचं नंतर बघू.

त्या वेळी मी हसले होते. पण खरं सांगते, आमच्या शिक्षणात ढोलाला जागा नव्हती. तबल्याला नव्हती, गाण्यालाही नव्हती. आम्हाला शिकवलं होतं ते बोलणं ऐकवायला. 'क' आणि 'त' यातला फरक कळला पाहिजे, 'पाणी' आणि 'पाटी' वेगळी ऐकू आली पाहिजे. माणूस बोलण्यात सामील झाला की आमचं काम फत्ते. त्याला गाणं कसं वाटतं हे आम्ही विचारत नव्हतो.

ते विचारायला मला रेवानं शिकवलं. आज सांगायची आहे ती तिचीच गोष्ट.

पण आधी थोडं माझं. लहानपणी आमच्या घरात सकाळी नाट्यसंगीत लागायचं, कारण वडिलांना ते आवडायचं. मला मात्र गल्लीच्या तोंडाशी वाजणारा लग्नाचा बँड आवडायचा. दात घासता घासता मी बँडमागे धावले आहे. पुढे कॉलेजात एक मैत्रीण गझला ऐकायची, म्हणून मीही 'मला फक्त गझल आवडते' असं म्हणायला लागले. बँडची लाज वाटायला लागली. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या आवडीची वाद्यं आली. आणि चाळिशीनंतर एका मैत्रिणीच्या मुलीच्या हळदीला बायकांनी ढोलकीवर माळवी गाणी म्हटली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती गाणी मी आयुष्यभर गल्लीत ऐकत आले होते, लक्ष मात्र कधी दिलं नव्हतं. आवड ही अशी जमत जाते. थोडी घरातून, थोडी गल्लीतून, थोडी मैत्रिणींच्या देखादेखी. आपण काही न करता ती कानात येऊन पडलेली असते, मग आपण त्यातून निवडतो.

रेवाच्या कानात काहीच येऊन पडत नव्हतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती. आई अनघा, वडील सुबोध. सुबोध इथलाच, इंदुरी, पीथमपूरला कारखान्यात इंजिनिअर. अनघा सांगलीकडची, लग्न होऊन इथे आलेली. ती शास्त्रीय गायची आणि घरी मुलींना गाणं शिकवायची. मुलगी हाकेला वळत नाही हे आधी तिच्याच लक्षात आलं होतं. "मी तिच्यामागे बसून तानपुरा छेडते आणि ती खेळत राहते," ती म्हणाली. सुबोध म्हणाला, "अहो, काही नाही हो मॅडम. मस्तीखोर आहे, मुद्दाम करते."

एवढ्या लहान मुलाला बटण दाबायला सांगता येत नाही. त्याला झोपवायचं, डोक्याला तारा लावायच्या आणि आवाज दिल्यावर कानाची नस मेंदूकडे काही पाठवते का ते यंत्रावर बघायचं. मी आवाज वाढवत नेला. पडद्यावरची रेघ सरळच राहिली. आपण मोठा फटाका म्हणू तेवढ्या आवाजालाही ती हलली नाही.

अशा वेळी आई-वडिलांना काय सांगायचं हे पुस्तकात असतं, पण ते कसं सांगायचं ते नसतं. मी सरळ सांगितलं. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सुबोध खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. अनघानं मला एकच गोष्ट विचारली.

"तिला गाणं ऐकू येईल का?"

बाकीच्या आया विचारतात, बोलेल का, शाळेत जाईल का, लग्न होईल का. हा प्रश्न मला नवीन होता. मी म्हणाले, "आधी तिला तिचं नाव ऐकू येऊ दे."

साध्या मशीननं फायदा झाला नाही. मग मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. ऑपरेशनमध्ये त्यात एक बारीक तार सरकवतात. बाहेर कानामागे एक मशीन बसतं, त्याची चकती चुंबकानं डोक्याला चिकटते. मशीन आवाज पकडतं, त्याचे विजेचे इशारे करतं आणि ते इशारे ती तार नसेला देते. ऑपरेशन सर्जन करतात. मशीन कोणता आवाज किती जोरात पोचवणार हे ठरवणं आमचं काम. त्याला मॅपिंग म्हणतात आणि ते वर्षानुवर्षं चालतं. मशीन काढून ठेवलं की पुन्हा सगळं शांत. हे लक्षात असू द्या.

मशीन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी रेवा माझ्या टेबलावर बसून ठोकळे खेळत होती. मी इशारा पाठवला. तिचा हात थांबला. ओठ थरथरले आणि ती किंचाळून रडायला लागली. सुबोध घाबरला. मी मात्र खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायची बाकी होते. मूल रडलं म्हणजे त्याला ऐकू आलं! अनघानं तिला छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी गुणगुणायला लागली. रेवा आणखीच जोरात रडली, आईच्या तोंडावर हात ठेवून तिला गप्प करायला लागली. अनघा हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी सगळं आनंदाचं नव्हतं हे मला दिसलं.

पुढची वर्षं मेहनतीची. अनघानं केली तशी मेहनत मी फार थोड्या आयांची पाहिली. तोंडावर कागद धरून 'आ', 'ऊ', 'श्श' म्हणायचं, म्हणजे मूल ओठ बघून ओळखणार नाही. सब्जीवाल्याची हाक, दाराची घंटी, कुकरची शिटी, प्रत्येक आवाजाला थांबायचं, बोट कानाशी न्यायचं आणि सांगायचं, "ऐक! काय वाजलं?" तीन वर्षांत रेवा बोलायला लागली. आणि बोलायला लागली ती अस्सल इंदुरी. आईची सांगलीची मराठी बाजूला राहिली. "नीलामावशी, आज मी एकदम परेशान होऊन राहिली ना," असं चार वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, तेव्हा मी आमच्या सगळ्या स्टाफला बोलावून ते परत म्हणायला लावलं.

पण गाणं? तिला आवाज आवडायचे ते वेगळेच. पोहेवाला कढईच्या कडेवर झारा आपटतो तो आवाज. शिवणाचं मशीन. पाच-सहा वर्षांची असताना सुबोधनं तिला खांद्यावर बसवून अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, दाखवायला नेलं. मिरवणुकीत आखाड्यांचे ढोल-ताशे. दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे डबे पालथे झाले. ढोल तिच्या आयुष्यातली पहिली आवड. मला मजा वाटली, कारण माझाही तो बँडच होता ना.

अनघाला मजा वाटली नाही. "घरात रोज चार तास गाणं चालतं," ती म्हणाली, "आणि हिला काय आवडावं? डबे!"

नऊ-दहा वर्षांची झाल्यावर रॅप आलं. धडाधड शब्द, खाली ठोका. शब्द कळतात, यमक कळतं, ठोका कळतो. रेवा आरशासमोर हातवारे करून म्हणायची. सुबोध खूश. भेटेल त्याला सांगायचा, "भिया, आमची लेक स्टार आहे!" नवरात्रात ती गरबा असा करायची की मैत्रिणी तिच्या पायांकडे बघून ताल धरत. आणि घरात आईचा रियाज सुरू झाला की रेवा कानामागचं मशीन काढायची, डबीत ठेवायची आणि शांतपणे गणितं सोडवत बसायची.

हे अनघानं किती दिवस सहन केलं कोण जाणे. रेवा तेरा वर्षांची असताना ती एकटीच माझ्याकडे आली आणि पर्स टेबलावर आपटली.

"मॅपिंग बदला तिचं."

"का? शाळेत ऐकू येत नाही?"

"शाळेत सगळं येतं. रॅप येतं, ढोल येतो, मैत्रिणींची कुजबूज येते. फक्त मी येत नाही. मी तोंड उघडलं की ती मशीन काढते, ताई. माझ्या समोर काढते. माझ्या शिष्यांच्या समोर."

मी तिला चहा दिला आणि पहिल्यांदाच नीट समजावलं. तुझ्या हार्मोनियमवर किती पट्ट्या आहेत? आता समज, कुणी दहा-दहा पट्ट्या एकत्र बांधून टाकल्या. कुठलीही दाबली तरी सगळा गठ्ठा वाजतो. रेवाच्या कानातली तार तशी आहे. ठोका अगदी नेमका पोचतो. शब्द पोचतात. पण 'सा' आणि 'रे' एकाच गठ्ठ्यात येतात. तिला ताल आवडतो यात तिची चूक नाही. तिच्याकडे तेच पूर्ण पोचतं.

"मला ऐकवा," अनघा म्हणाली. "तिला मी कशी ऐकू येते ते मला ऐकवा."

तसं ऐकवता येतं. अगदी हुबेहूब नाही, पण इम्प्लांटमधून आवाज साधारण कसा येत असेल याचा अंदाज देणारा प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरवर होता. मी तो नव्या पालकांना कधीकधी ऐकवायची. अनघाला ऐकवायला मन होत नव्हतं. पण तिनं फोनमधलं आपल्याच बैठकीचं रेकॉर्डिंग काढून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी ते प्रोग्राममधून लावलं.

घशात खवखव असलेल्या माणसानं कुजबुजावं आणि मागे पत्रा थरथरावा, तसं काहीतरी वाजायला लागलं. स्वर नव्हतेच. अनघानं एक मिनिटही ऐकलं नसेल. हेडफोन काढून ठेवले, पर्स उचलली आणि गेली.

त्यानंतर घरात गाणं बंद झालं. शिकवण्या तिनं एका ओळखीच्या हॉलवर नेल्या. रियाज सोडला. फोन केला तर म्हणायची, "बरं चाललंय."

याच सुमाराला माझ्याकडे एक शर्माजी येत होते. गाण्याचे मोठे शौकीन. साठीनंतर आजारपणात कान गेले, इम्प्लांट केलं. बोलणं छान कळायला लागलं. पण गाण्याचं विचारलं की मान हलवायचे. "पोते की बात सुनाई देती है मॅडमजी, बहुत है। गाना तो अब बर्तन गिरने जैसा लगता है।" त्यांनी घरातल्या गाण्यांच्या सगळ्या रेकॉर्डी भाच्याला देऊन टाकल्या. त्यांच्यासाठी मी जंग जंग पछाडलं, मॅपिंग बदलून बदलून थकले, पण ते गाण्याकडे परत आले नाहीत. त्यांना आधीचं सगळं आठवत होतं. त्याच्यापुढे हे नवं कधी टिकलंच नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आणि अनघाचंही असंच होणार, ती त्या पत्र्याच्या आवाजाशी स्वतःचं गाणं ताडून बघत बसणार, अशी भीती वाटायची.

एक दिवस दुपारी शाळेच्या ड्रेसमध्येच रेवा आली. एकटी.

"मशीन बिघडलं?"

"नाही. मावशी, आई गात का नाही आता?"

मी म्हणाले, "तुला आवडत नाही म्हणून असेल."

तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. "मला आवडत नाही असं कोण म्हणालं?"

"तू मशीन काढतेस ना ती गाते तेव्हा."

"अरे, मग काय करू?" ती वैतागली. "मतलब, बघा. ती गाते. बाजूला पेटी. बाजूला तबला. मागे ती तानपुऱ्याची मशीन घूं घूं करत असते. वरून चार मुली गाऊन राहिल्या. सगळं एकसाथ येतं. मिक्सर चालू आहे आणि आतून कोणी बोलतंय, तसं. मी किती टाइम शोधते. आईचा आवाज सापडतच नाही त्यात. डोकं दुखतं. मग काढते."

सहज कळण्यासारखी गोष्ट होती आणि अनघाला किंवा मला, कुणालाच कळली नव्हती. प्रोग्राममधून मी जे रेकॉर्डिंग ऐकवलं त्यातही पेटी होती, तबला होता.

"आईला हे सांगितलंस का?"

"सांगितलं तर ती रडते. मशीनबद्दल काही पण बोललं की रडते. तुम्ही सांगा. पण मी असणार तिथे. आणि तिला आधीच बोलून ठेवा, रडायचं नाही."

शनिवारी दोघी आल्या. मी त्यांना त्या फोमवाल्या खोलीत बसवलं, स्वतः दाराशी उभी राहिले. अनघाला सगळं सांगून झालं होतं. तिचा विश्वास बसला नव्हता, पण ती आली होती.

"गा," रेवा म्हणाली. "नुसती तू."

अनघानं घसा साफ केला. पेटी नाही, तानपुरा नाही, इतकी वर्षं गाणारी बाई अवघडून गेली. मग तिनं सवयीनं एक चांगली लांब, वर-खाली फिरणारी तान घेतली. तिच्या त्या तानेवर लोक माना डोलावतात.

रेवानं तोंड वाकडं केलं. "हे गुळण्या केल्यासारखं आहे."

मला वाटलं, संपलं. पण अनघा एकदम हसली. बऱ्याच महिन्यांनी मी तिला हसताना बघत होते. "माझ्या गुरुजींनी ऐकलं असतं तर!" ती म्हणाली. मग तिनं एक साधा अभंग घेतला. सावकाश. एकेक शब्द उघडा करून. खालच्या पट्टीत, थांबत थांबत.

रेवा पुढे झुकली. डोळे मिटले नाहीत तिनं, ती डोळे कधीच मिटत नाही, उलट ते मोठे होतात. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मग ती म्हणाली, "हां. ही तू आहेस."

अनघा रडली. "ठरलं होतं ना!" रेवा ओरडली आणि मग स्वतःच आईच्या ओढणीला नाक पुसायला लागली. दाराशी माझीही गत काही वेगळी नव्हती, पण मी स्टाफला काहीतरी सांगायच्या निमित्तानं बाहेर सटकले.

त्या दिवसानंतर आम्ही तिघींनी जे काम केलं ते कुठल्याही पुस्तकात पाहून केलं नव्हतं. मी मॅपिंगमध्ये जमेल तेवढं गाण्यासाठी वेगळं करून दिलं, मशीनमध्ये एक जास्तीची सेटिंग ठेवता येते ती वापरली. अनघानं दोन स्वर म्हणायचे आणि रेवानं सांगायचं, दुसरा वर गेला की खाली. सुरुवातीला फक्त मोठी उडी कळायची, खालचा सा आणि वरचा सा. मग सा आणि प. तिथे आम्ही कितीतरी महिने अडकलो. रेवा चिडायची, "दोन्ही सेम आहे!" आणि निघून जायची. अनघा तिला बोलवायला जायची नाही. ती तिथेच बसून तेच दोन स्वर म्हणत राहायची. थोड्या वेळानं दारातून आवाज यायचा, "आता वर गेला." सा आणि ग यातला फरक तिला कळायला लागला तेव्हा ती अकरावीत होती. सा आणि रे अजूनही कधी कळतात, कधी नाही. ते मी लपवणार नाही. यंत्राची एक हद्द आहे आणि ती आम्ही कुणीच ओलांडली नाही.

पण त्या हद्दीच्या आत तिनं काय काय जमवलं! एखाद्या मुलीनं वाटेतले गोटे वेचून रंगीत पेटी भरावी तसं. कॉलेजात असताना तिच्या फोनमध्ये मी डोकावले होते. रॅप होतंच. लावणीची ढोलकी होती, फक्त ढोलकी. पखवाज होता, त्याच्या खालच्या आवाजासाठी. पोवाडे होते. एका म्हाताऱ्या बाईनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या कुठून तरी मिळवल्या होत्या. "यात काहीच गडबड नाही मावशी, फक्त बाई आणि दगड." व्हायोलिन तिला सहन होत नाही. कोरसला ती ट्रॅफिक जाम म्हणते. वर्गातल्या मुलींना जे आवडतं ते आवडतंय असं सोंग तिनं एक वर्ष केलं, मी गझलांचं केलं होतं तसंच, आणि मग सोडून दिलं. आज ती एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. ऑफिसात कान टवकारून मीटिंगा करते आणि दुपारी जेवताना पखवाज ऐकते. सोबतच्या मुलांना वाटतं ही फार जाणकार आहे. ते चुकीचं नाही.

मी आता रिटायर झाले. खूप मशीनं बसवली, खूप जणांना आपलं नाव ऐकू आलं. त्याचा अभिमान आहेच. पण माझी सगळी विद्या ज्या एका गोष्टीपर्यंत पोचावी असं मला न कळत वाटत होतं, ती मी गेल्या हिवाळ्यात पाहिली.

अनघाची बैठक होती. मधली बरीच वर्षं तिनं लोकांपुढे गाणं कमी केलं होतं. छोटा हॉल, आपलीच इंदुरी मराठी मंडळी, मागे चहा आणि कचोरीची सोय. पहिला भाग पखवाजाच्या साथीनं होता. रेवा पहिल्या रांगेत, एका टोकाला, पखवाजाच्या बाजूला. शेवटी अनघानं साथीदारांना हात जोडले, सगळी वाद्यं थांबवली आणि तो अभंग नुसत्या गळ्यानं म्हटला. संपल्यावर लोक उभे राहिले. सुबोध डोळे पुसत टाळ्या वाजवत होता. बायका अनघाला घेरून सांगत होत्या की शेवटचं काय गायलीस, काळीज हललं.

मी चहाचा कप घेऊन उभी होते तेव्हा रेवा आईपाशी आली.

"पखवाजवालं जबरदस्त झालं," ती म्हणाली. "शेवटचं नाही आवडलं."

आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अनघाचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"काय नाही आवडलं?"

"दुसऱ्या ओळीत तू शब्दाच्या मध्ये श्वास घेतला. शब्द तुटला. घरी नाही तोडत तू. आणि शेवट लांबवलास. लोक रडून राहिले म्हणून लांबवलास ना?"

"मी लांबवलं? ती जागाच तशी आहे! तिथे थांबावंच लागतं!"

"घरी नाही थांबत."

"घरी मी तुझ्यासाठी गाते, इथे दोनशे माणसं बसली होती!"

"मग? त्यांचे कान वेगळे आहेत का?"

अनघानं माझ्याकडे बघितलं, दाद मागत असल्यासारखी. "ताई, ऐकलंत? काय बोलतेय ही?"

मी म्हणाले, "मी ऐकलं. आणि श्वास तू घेतलास, मलाही जाणवला." अनघानं माझ्याकडे असं बघितलं की मी कचोरीकडे वळले. पण मला हसू आवरत नव्हतं. ज्या मुलीच्या कानाची रेघ माझ्या पडद्यावर सरळ राहिली होती, ती भर हॉलमध्ये आपल्या आईला सांगत होती की तुझं गाणं मला आवडलं नाही, आणि का आवडलं नाही तेही सांगत होती. नुसते कान असलेल्या माणसाला हे येत नाही. आवड असलेल्या माणसालाच येतं.

दोघी भांडत भांडतच जिना उतरल्या. सुबोध मागून शाल आणि फुलांचा हार सांभाळत म्हणत होता, "अरे, घरी चला ना, घरी भांडा, लोक बघून राहिले." खाली फाटकापाशी अनघा थांबली, वळली आणि बोट रोखून म्हणाली, "उद्या सकाळी परत म्हणते. नीट ऐक."

"नीट गा," रेवा म्हणाली.